होडी, विहीर आणि मयत

कुवेतमधल्या त्या उन्हाळ्याबद्दल कुणी विचारलं की मी गोऱ्या सोल्जरांची गोष्ट सांगायचो. घाईघाईने आणून वाळूत उतरवलेली ती पोरं खंदक खणता खणता चक्कर येऊन पडायची, आणि त्यांना उचलून नेणारे ट्रक आमच्या ऑफिससमोरून जायचे. ऐकणारे हसायचे. नातवंडांना तर ती गोष्ट इतकी पाठ झाली आहे की माझं काही चुकलं तर ती दुरुस्त करतात. या गोष्टीच्या आड मी साठ वर्षं लपलो. त्या उन्हाळ्यात मी स्वतः काय केलं ते एका बहिणीखेरीज कुणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही, आणि ती आता ऐकायला राहिलेली नाही.

गेल्या महिन्यात आमच्या जमातीची तरुण मुलं घरी आली. त्यांना स्मरणिका काढायची आहे. पहिल्या पानावर आमच्या त्या वेळच्या अध्यक्षांचा फोटो. "चाचा, त्यांच्या वेळचे तुम्ही एकटेच उरलात. लढाईच्या दिवसांत त्यांनी जमात कशी सांभाळली, त्यावर एक पान लिहून द्या." मी हो म्हटलं. हे ते पान. एकाची चार झाली, पण छापणार असतील तर सगळंच छापावं. नाही छापलं तर मी झेरॉक्स काढून मशिदीबाहेर वाटीन.

हा माणूस जाऊन तीसेक वर्षं झाली. मयताची निंदा करू नये, हे मला लहानपणापासून शिकवलेलं आहे. तरी मला त्याची तसबीर हॉलच्या भिंतीवरून खाली आलेली बघायची आहे. खिळासुद्धा उपटायला हवा. हे मी सूड म्हणून लिहितो आहे. अडचण इतकीच की त्याला खाली ओढायचं तर शेजारी मलाही उभं राहावं लागतं. नावं मात्र कुणाचीच लिहीत नाही. सगळ्यांची नातवंडं आज एकाच मशिदीत एकमेकांना खेटून उभी राहतात.

आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यात, खाडीच्या एका काठाला. बाजार आणि दवाखाना पलीकडच्या काठाला. मध्ये होडी. पन्नास सालानंतर गावातले चाळीसेक पुरुष एकामागोमाग एक कुवेतला आले आणि दस्मानच्या बाजूला एका जुन्या मातीच्या घरात राहू लागले. मधे अंगण, भोवती खोल्या. शुक्रवारच्या नमाजनंतर सगळे अंगणातल्या ताडपत्रीखाली बसायचे. एका तबकाभोवती सहा-सहा जण, आणि जेवण झालं की तिथेच जमातीची सभा. गावातली जमात मोठी, तिची आमची ही शाखा. पण कमाई इथली, म्हणून गाव आमच्या शब्दाबाहेर जात नसे.

अध्यक्ष एका बांधकाम कंपनीत स्टोअरवर मुख्य होता. आम्हां बहुतेकांना नोकऱ्या त्यानेच लावल्या होत्या. त्याचा आवाज कधी चढलेला मी ऐकला नाही. जेवताना पापलेटचा मधला तुकडा तो स्वतः उचलून समोरच्याच्या बाजूला सरकवायचा. ज्याच्या बाजूला सरकवला, तो महिनाभर त्याचा असे. मी मॅट्रिक झालेला, इंग्रज साहेबाच्या ऑफिसात टायपिस्ट, म्हणून सेक्रेटरी मी.

जमातीची एक वही होती. आमच्या आज्या-पणज्यांनी ठरवलेले नियम तीत उतरवलेले. वाळीत टाकणं ही जमातीची लढाई. ती कशी करायची तेही वहीत होतं. तीन शुक्रवार त्या माणसाला बोलावून त्याचं म्हणणं ऐकायचं. मग पाच पंचांच्या सह्या. मग ठराव, आणि गावाला पत्र. ते पत्र गावच्या मशिदीत जुम्याला वाचायचं आणि दारावर चिकटवायचं. अध्यक्षाने एकट्याने काही करायचं नाही. आणि पत्र कुणाविरुद्धही असो, त्याची शेवटची ओळ ठरलेली: 'होडी, विहीर व मयत यांस हा ठराव लागू नाही.' कितीही वैर असलं तरी माणसाला खाडी ओलांडू द्यायची, पाणी भरू द्यायचं आणि मेला तर खांदा द्यायचा. त्या ओळीवाचूनचं पत्र गावाने कधी ऐकलं नव्हतं.

आता ज्याच्यावर हे पत्र गेलं तो. अध्यक्षाच्याच कंपनीच्या लाँचवर इंजिन ड्रायव्हर होता. माझ्याच वयाचा, एकाच फळ्याखाली शिकलेला. माझ्या धाकट्या बहिणीशी त्याची सोयरीक ठरली होती. कुवेतला येण्याच्या आदल्या वर्षी त्याने ती मोडली आणि पलीकडच्या काठावरच्या मुलीशी लग्न केलं. पुढे बहिणीला मुंबईत दुसरेपणावर द्यावी लागली. त्यानंतर सहा वर्षं मी त्याच्याबरोबर एका तबकात जेवत होतो. तो "मीठ दे रे" म्हणायचा. मी मीठ द्यायचो, आणि हा घास याच्या घशात अडकावा असं मनात म्हणायचो.

इंग्रजांचा करार संपून कुवेत स्वतंत्र झालं, त्यानंतर आठवडाही गेला नसेल. शेजारच्या देशाच्या प्रमुखाने रेडिओवर सांगून टाकलं की कुवेत आमचंच आहे. त्याच्याकडे फौज, इथे उघडी वाळू. बाजारातलं पीठ दोन दिवसांत गायब झालं. मुंबईच्या बोटीची तिकिटं मिळेनात. त्या शुक्रवारी अध्यक्षाने अंगणात पत्र्याची पेटी आणून ठेवली.

"सगळ्यांनी पासपोर्ट यात टाका. निवळलं की परत."

पुढे कळलं ते असं: त्याने कंपनीला शब्द दिला होता की माझ्या गावचा एकही माणूस पळणार नाही. त्या शब्दावर त्याला मोठी जागा मिळणार होती. तेव्हा आम्हाला वाटलं, आमच्याच भल्याचं असेल. माणसं उठून पासपोर्ट टाकू लागली.

ड्रायव्हर बसूनच राहिला. "चाचा, मी नाही देणार."

"का रे?"

"बायको सातव्या महिन्यात आहे. रजा मंजूर झाली आहे. पुढच्या बोटीने निघतो."

"बायका सगळ्यांनाच आहेत."

"मला तर दोन आहेत, चाचा," मागून कुणीतरी ओरडलं. "माझा पासपोर्ट दोनदा घ्या!"

सगळे हसले. अध्यक्षही हसला. ड्रायव्हर हसला नाही. "वहीत असा नियम कुठे आहे?" त्याने विचारलं.

"लढाईत वही नसते, बाळा."

"लढाई पुकारली कुणी? तो तिकडे एकटाच रेडिओवर उठतो, कुणाला विचारत नाही, पुसत नाही, तर त्याला आपण वेडा म्हणतो. सकाळी तुम्हीच म्हणालात, चाचा. मग तुम्हाला तरी कुणी विचारलं? हात वर करा म्हणालात कुणाला?"

अध्यक्षाने पापलेटचा तुकडा उचलला आणि ड्रायव्हरच्या बाजूला सरकवला. "जेव. गार होतंय."

ड्रायव्हरने तो परत सरकवला.

तासाभराने अध्यक्षाने मला त्याच्या खोलीत बोलावलं. "त्याला वाळीत टाक. पत्र तयार कर. परवा आपला एक माणूस बोटीने जातोय, त्याच्या हाती दे." त्या माणसाचा पासपोर्ट मात्र पेटीतून परत मिळाला होता.

"चाचा, तीन शुक्रवार बोलवावं लागतं," मी म्हटलं. "पंचांच्या सह्या…"

"मागाहून घेऊ. शत्रू दारात आहे आणि तू सह्या मोजतोस? सर्वानुमते म्हणून लिही."

निम्मी माणसं त्या शुक्रवारी जादा पाळीवर होती. मत कुणी विचारलं नव्हतं. हे मला ठाऊक होतं, आणि मी ज्या दोन हरकती काढल्या त्या केवळ हरकत घेतली होती असं मला पुढे म्हणता यावं यासाठी. त्यालाही ते कळलं असावं. तो म्हणाला, "तुझ्या बहिणीचं त्याने काय केलं, ते मी विसरलो नाही. तू विसरलास?"

मी विसरलो नव्हतो. मी खोलीत येऊन पत्र लिहिलं. इतकं सुबक अक्षर मी एरवी काढत नसे. शेवटच्या ओळीपाशी आलो आणि थांबलो. अध्यक्षाने ती गाळायला सांगितली नव्हती. त्याला त्या ओळीची आठवणही नसावी. ती मी गाळली. माझ्या आईला बहिणीची सोयरीक मोडल्यावर महिनाभर विहिरीवर जायची लाज वाटत होती, हे मला आठवलं. त्याच्याही घरच्यांना कळू दे, असं मी म्हटलं. सहीच्या वर एका ओळीची जागा कोरी सोडली. अध्यक्षाने न वाचता सही केली. नकलवहीत नक्कल उतरवली ती तशीच, कोरी जागा सोडून.

ड्रायव्हरची रजाही रद्द झाली. कंपनीत अध्यक्षाचा शब्द चालायचा. ड्रायव्हरला सगळ्यांचा सलाम बंद झाला. तो अंगणाच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून ताटलीत जेवायचा. मला ते बघून बरं वाटायचं. आज लिहितानाही आठवतं किती बरं वाटायचं, आणि ते लपवून पुढे गेलो तर या लिहिण्याला अर्थ नाही.

लढाई झालीच नाही. सोल्जर आले, भाजले, गेले. त्यांच्या जागी अरब देशांच्या फौजा आल्या. पासपोर्ट परत मिळाले. पण आमचं पत्र निघून गेलं होतं.

गावाकडे भात पोटरीला आलं असताना ड्रायव्हरला टपालाने पत्र आलं. त्याच्या आईने मास्तरांकडून लिहून घेतलेलं. शुक्रवारी तो नमाजच्या आधी अंगणाच्या दाराशी येऊन उभा राहिला. आत यायची त्याला परवानगी नव्हती असं नाही, पण तो उंबऱ्यावरच थांबला आणि तिथूनच बोलला.

"माझ्या बायकोला होडीत घेतलं नाही. विहिरीवरून हाकललं. दोन महिने ती पऱ्ह्याचं, ओहोळातलं पाणी भरत होती. कळा आल्यावर आई तिला घेऊन वरच्या पुलाने निघाली. आठ मैल. मूल वाटेत झालं. मेलेलं. मुलगा होता." मग त्याने माझ्याकडे नाही, अध्यक्षाकडे बघितलं. "चाचा, मला वाळीत टाकलंत, टाका. होडीला वाळीत कसं टाकलंत?"

अध्यक्ष माझ्याकडे वळला. "शेवटची ओळ होती ना रे पत्रात?"

"होती," मी म्हणालो.

"नकलवही दाखव," ड्रायव्हर म्हणाला.

"नमाजनंतर दाखवील," अध्यक्ष म्हणाला. "आधी वजू करा सगळे."

सगळे हातपाय धुवायला नळाशी गेले. मी खोलीत गेलो, नकलवही उघडली आणि त्या कोऱ्या जागेत ती ओळ लिहिली. शाई तीच, टाक तोच. कुवेतच्या उन्हात शाई वाळायला वेळ लागत नाही. मग मी जाऊन वजू केली आणि नमाजला उभा राहिलो. काय पढलो आठवत नाही.

ड्रायव्हरने वही हातात घेतली. ओळीवरून बोट फिरवलं. दोनदा वाचलं. "म्हणजे होडीवाल्याने केलं," तो म्हणाला, आणि वही मला परत देऊन निघून गेला. जाताना तो म्हणाला, "माफ कर, मला तुझा संशय आला होता."

गावात खातरजमा होऊ शकली नाही. दारावरचं पत्र पावसाने धुऊन नेलं होतं. ज्यांनी ते ऐकलं होतं त्यांनी स्वतः विहीर बंद केली होती, त्यामुळे ते गप्प बसले. होडीवाला ओरडून सांगत राहिला की ओळ वाचलीच नव्हती. जमातीने त्याची होडी काढून घेतली. तो वर्षभरात खचून गेला.

त्या संध्याकाळी अध्यक्ष मला म्हणाला, "अक्षर चांगलं आहे तुझं." एवढंच. त्याने नकलवही माझ्याकडून मागून घेतली आणि आपल्या कपाटात ठेवली. नंतरची अकरा वर्षं त्याने पुढे केलेल्या प्रत्येक कागदावर मी सही केली. आणखी तिघांना त्याने असंच वाळीत टाकलं, तीन शुक्रवार न थांबता. दर वेळी 'सर्वानुमते' मी लिहिलं. जमात सांभाळली म्हणतात ती अशी सांभाळली. त्याच्या सत्काराचं मानपत्रसुद्धा माझ्याच अक्षरात आहे. शेजारच्या देशाच्या ज्या प्रमुखाने रेडिओवरून आम्हाला घाबरवलं त्याला दीड-दोन वर्षांत त्याच्याच लोकांनी गोळ्या घातल्या. आमच्या माणसाला हार घातले.

त्या उन्हाळ्याच्या पुढच्याच वर्षी कुवेतची राज्यघटना झाली. साहेबाने तिचं इंग्रजी भाषांतर ऑफिसच्या फाइलसाठी टाइप करायला माझ्यापुढे ठेवलं. एका कलमाशी माझी बोटं थांबली. अमीर बचावाचं युद्ध फर्मानाने पुकारू शकेल. चढाईच्या युद्धाला मनाई. एवढंच, दोन छोटी वाक्यं. ज्याच्या पायाखाली तेलाचा समुद्र होता तो राजासुद्धा हात बांधून घेत होता, आणि चाळीस माणसांच्या जमातीचा अध्यक्ष मोकळा होता. मी कार्बन कॉपी काढली आणि शुक्रवारी त्याच्यापुढे ठेवली. माझ्या आयुष्यातलं तेवढंच धाडस.

त्याने मला अर्थ सांगायला लावला. मग म्हणाला, "बरोबर आहे की. मीपण बचावच केला. जमातीचा बचाव. चढाई केली असेल तर ती त्या कोऱ्या जागेत झाली." आणि कागद घडी करून त्याने तबकाखाली ठेवला, तबक डुगडुगत होतं म्हणून.

त्याच्यावर मी आजही दात धरून आहे तो या वाक्यासाठी. ते खोटं असतं तर मी विसरलो असतो. त्याने वहीतले नियम मोडले म्हणून मला वाट मिळाली, हे खरं. तीन शुक्रवार थांबला असता तर माझा राग निवळला असता, पाच जणांनी पत्र वाचलं असतं तर एकाच्या तरी लक्षात आलं असतं की ओळ नाही. एका माणसाच्या हातात लढाई द्यायची नसते ती यासाठीच. त्याच्या आडून दुसऱ्या कुणाची तरी लढाई सुरू होते. पण ओळ त्याने गाळली नाही.

बहिणीला मी हे मुंबईत सांगितलं. एकट्या तिला सांगायला हरकत नाही असं वाटलं होतं. जिच्यासाठी केलं तिला निदान माहीत असावं. घरातल्या बायकोला नाही, पण तिला. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "माझ्या नावाने लढलास, भाई. मला विचारलंस?" तांदळातला खडा बाजूला टाकत म्हणाली, "मी त्याचं तोंडही विसरले होते." त्यानंतर तिने मला ईदला बोलावलं, पण माझ्याशी बोलायची ती मुलांच्या आडून.

ड्रायव्हर त्याआधीच कुवेत सोडून गावी गेला होता. अध्यक्षाने मोठ्या मनाने त्याचा बहिष्कार उठवला होता, तरी तो परत कधी आमच्या तबकाला बसला नाही. गावात तो होड्यांची इंजिनं दुरुस्त करू लागला. पाच-सहा वर्षांनी रजेवर गेलो असताना मी त्याच्या घरी गेलो. दुपारी गेलो, तो कामावर असेल अशा वेळी. मला त्याच्या बायकोला भेटायचं होतं. गुन्हा मी तिचा केला होता. त्याने तर माझीच माफी आधी मागितली होती. त्याच्यापुढे तोंड उघडवलं नसतं.

ती ओट्यावर जाळं सांधत होती. मला ओळखलं. "सेक्रेटरीभाई ना? बसा." आतून पाणी आणलं, मग गूळ. मी तिला पहिल्यांदाच बघत होतो. वयाने माझ्या बहिणीएवढी. तिला पुढे मूल झालं नव्हतं, हे मला माहीत होतं.

"कुवेतला उन्हाळा फार ना?" तिने विचारलं.

"फार."

"हे सांगतात. तुमचंही सांगतात. म्हणतात, त्या दिवशी सेक्रेटरीने वही दाखवली म्हणून कळलं, नाहीतर मी जमातीलाच दोष देत बसलो असतो." ती गाठ मारायला थांबली. "होडीवाला गेल्या वर्षी मेला. बायको त्याची माझ्या पायाशी आली होती, माफ कर म्हणून. मी नाही केलं. यांना मयतालाही जाऊ दिलं नाही. चुकलं का माझं?"

मयताला बहिष्कार लागत नाही, हे तीही जाणत होती. म्हणून तर विचारत होती. ती माझ्याकडे बघत राहिली, आणि मी गुळाचा खडा हातात धरून बसलो. आता सांगितलं तर माझा गुन्हा तिला कळला असता, आणि त्याबरोबर तिचाही, एका निरपराध माणसाच्या बाबतीतला. मी स्वतःला सांगितलं की तिच्यासाठी गप्प राहतो आहे. मी घाबरलो होतो.

"नाही," मी म्हणालो. "चुकलं नाही."

तिने मान हलवली आणि जाळं पुढे ओढलं. मी उठलो. "परत या," ती म्हणाली, "भाभीला घेऊन या." मी परत गेलो नाही. ती गेल्याचं मला फोनवर कळलं, आणि तेव्हाही तिकीट काढता आलं असतं, मी काढलं नाही.

त्या रजेवर येताना कुवेतहून बोटीत चार दिवस मी तीन वाक्यं पाठ करत होतो. जेट्टीपासून तिच्या ओट्यापर्यंत चालताना पुन्हा म्हटली होती. ती अशी होती: ती ओळ मी गाळली. होडीवाल्याने काही केलं नाही. मला माफ करू नका, पण मी तुमची माफी मागतो.